मैत्रीण अबॉर्शनला सोबत चल म्हणतीये, मी ख्रिस्ती आहे, जाऊ का?

रूथ_घोरपडी

नमस्कार सगळ्यांना. इथे वाचत असते पण लिहितीये पहिल्यांदाच, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी घोरपडीत वाढले, लग्नानंतर वडगावशेरीत आले, खराडीला एका कंपनीत अकाउंट्सला आहे. आम्ही मराठी ख्रिस्ती, आजोबा नगरकडून रेल्वेच्या नोकरीसाठी आले तेव्हापासून पुण्याचेच. ऑफिसमध्ये माझ्या शेजारी बसणारी एक मैत्रीण आहे, सहा वर्षं झाली, डबा एकत्र, बस एकत्र, माझ्या घरी ख्रिसमसच्या करंज्या तळायला ती येते आणि तिच्याकडे गौरीला मी जाते, एवढं सांगितलं म्हणजे कळेल. तिला तीन वर्षांची मुलगी आहे. आता परत दिवस गेलेत, आठवा आठवडा चालू आहे. नवऱ्याची नोकरी जानेवारीत गेली, फ्लॅटचा हप्ता तिच्या एकटीच्या पगारावर चाललाय, तो म्हणतो आत्ता नको. सासरी माहेरी कुणाला सांगितलेलं नाही. परवा जेवताना एकदम म्हणाली, गुरुवारी दवाखान्यात जायचंय, हा त्या दिवशी इंटरव्ह्यूला मुंबईला आहे, तू येशील का सोबत, मला एकटीला भीती वाटतीये.

मी हो पण म्हणाले नाही आणि नाही पण म्हणाले नाही. तिने ते बघितलं आणि विषय बदलला, तेव्हापासून मला झोप नाही.

मला मनापासून वाटतं की पोटातलं बाळ हे बाळच आहे. हे मला कुणी शिकवलं म्हणून नाही, म्हणजे शिकवलं आहेच, आई रोज रात्री १३९ वं स्तोत्र म्हणून घ्यायची, देवाने आपल्याला आईच्या पोटात घडवलं ते. पण दोन वर्षांपूर्वी माझं स्वतःचं बाळ गेलं, अकराव्या आठवड्यात. सोनोग्राफीत आधी ठोके दिसले होते, पुढच्या वेळी गेलो तर नव्हते. त्या दिवसापासून मला कुणी 'अजून काही नव्हतंच ते' म्हणलं की अंगावर काटा येतो.

पण दुसरं पण सांगते, कारण तेच जास्त टोचतंय. आमच्या चर्चमध्ये अबॉर्शन म्हणजे खून असं मी लहानपणापासून ऐकलंय, अगदी पहिल्या दिवसापासून तो जीव आहे असं. मग माझं बाळ गेलं तेव्हा कुणी आलं का? आजी गेल्या तेव्हा तीन दिवस घरात माणसं मावत नव्हती, रोज संध्याकाळी प्रार्थना, गाणी, चहा. माझ्या वेळी पाळकसाहेबांचा एक फोन, देवाची इच्छा, अजून तरुण आहेस. महिला मंडळातल्या एक काकू म्हणाल्या की कुणाला सांगत बसू नकोस. प्रार्थना नाही, काही नाही. चौथ्या दिवशी मी ऑफिसला. तेव्हा मी गप्प बसले पण आता विचार येतो की आपण जर खरंच मानतो की तो जीव होता तर माझ्या घरी मयत झाली होती ना? मग कुणी का नाही आलं? आणि मयतीला जे आले नाहीत त्यांच्या तोंडून खून हा शब्द मी माझ्या मैत्रिणीला कसा ऐकवू.

तर प्रश्न असा की मी गेले तर त्या पापात माझा हात आहे का? आणि नाही गेले तर ते काय आहे? कृपया भांडू नका, मला खरंच उत्तर हवंय.

जुना_सेवक

बेटा रूथ, जय ख्रिस्त. आधी तुझ्या बाळाबद्दल. तुझ्या घरी यायला हवं होतं. मी आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, तीस वर्षं वडील (कारभार बघणारा ज्येष्ठ सभासद) म्हणून सेवा केली आणि अशा किती घरी मी गेलो नाही ते आज तुझं वाचून मोजतोय. त्याचं समर्थन नाही.

आता तुझा प्रश्न. मी जुन्या वळणाचा आहे, सरळ सांगतो. अबॉर्शन पाप आहे ही शिकवण आजकालची नाही आणि कुठल्या एका चर्चची पण नाही. बायबलच्या बाहेरचं जे सगळ्यात जुनं ख्रिस्ती लिखाण आपल्याकडे आहे त्यात दिदाखे नावाची एक छोटी शिकवण-पुस्तिका आहे, पहिल्या शतकाच्या शेवटची किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीची, त्यात स्वच्छ लिहिलंय की गर्भ पाडून लेकराला मारू नये आणि जन्मल्यावरही मारू नये. त्या काळी रोमी लोकांत नको असलेली तान्ही मुलं उघड्यावर टाकून द्यायची रीत होती, ख्रिस्ती लोकांनी ती मानली नाही, टाकलेली मुलं उचलून वाढवली. म्हणजे 'नको' म्हणायच्या आधी उचलायला हात पुढे होता.

काही लोक बायबलमधल्या निर्गम पुस्तकाचा २१ वा अध्याय दाखवतात, दोन पुरुषांच्या मारामारीत गरोदर बाईला धक्का लागतो आणि पोटातलं बाहेर येतं तर दंड भरायचा, म्हणून गर्भाची किंमत कमी. पण त्या वचनाचे दोन अर्थ लावणारे अभ्यासक आहेत, बाळ आधीच जन्मलं आणि जगलं तर दंड, आणि इजा झाली तर जिवाबद्दल जीव, असाही अर्थ लागतो. त्यावर मी इमारत उभी करणार नाही. मी स्तोत्र १३९ आणि बायबलमधल्याच यिर्मयाच्या पहिल्या अध्यायावर उभा आहे, उदरात घडण्याआधीपासून देव माणसाला ओळखतो.

म्हणून माझं मत, जाऊ नकोस. प्रेमाने सांग की मी तुझ्यासाठी रात्री बाराला पण येईन पण त्या दारातून आत नाही येऊ शकत. तू शेजारी बसलीस की तिला वाटणार रूथला मान्य आहे. आपली साक्ष, म्हणजे वागण्यातून आपल्या श्रद्धेची जी ग्वाही द्यायची ती, जाते.

लेबररूम_सिस्टर

मी नर्स, १९ वर्षं पुण्यात वेगवेगळ्या हॉस्पिटलांत प्रसूती विभागात. मूळची नगरचीच, ख्रिस्ती. मी स्वतः त्या प्रोसिजरला उभी राहत नाही, सुरुवातीलाच मेट्रनला सांगितलं होतं आणि त्यांनी ड्युटी तशी लावली. पण प्रोसिजरनंतर वॉर्डात आलेल्या बाईचं बीपी मी बघते, चहा मी देते, रडली तर हात मी धरते. हे दोन्ही मी एकाच श्रद्धेने करते आणि यात मला विरोध दिसत नाही.

काकांचा मान ठेवून सांगते, साक्षीचं म्हणाल तर एकटी आलेली बाई बघितली आहे का तुम्ही? मी रोज बघते. रूथ, आता काही कामाच्या गोष्टी, कारण इथे सगळे वचनं सांगतील आणि गुरुवार तर तोंडावर आलाय.

एक, तिला एकटीला गाठ, नवऱ्यासमोर नाही, फोनवर नाही, आणि एवढंच विचार की तुला स्वतःला काय हवंय. तू लिहिलंयस 'तो म्हणतो आत्ता नको'. ती काय म्हणते ते तुझ्या अख्ख्या पोस्टमध्ये कुठेच नाही. माझ्या समोर अशा कितीतरी आल्यात ज्यांना कुणी हा प्रश्न विचारलेलाच नसतो, सासूने ठरवलं, नवऱ्याने ठरवलं, ही सही करायला आली. कायद्याने सही फक्त तिचीच लागते, १८ च्या वर असेल तर नवऱ्याची लागत नाही, १९७१ चा कायदा आहे, २०२१ ला दुरुस्ती झाली. लोकांना वाटतं नवऱ्याशिवाय होत नाही. त्याचा अर्थ उलटा पण आहे, नवऱ्याने म्हणलं म्हणून तिने करायलाच हवं असं पण नाही, ती टेबलावर जाईपर्यंत नाही म्हणू शकते.

दोन, मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणून घेऊ देऊ नकोस. गोळ्यांनी करायचं तर कायद्यात नऊ आठवड्यांपर्यंतच आहे आणि डॉक्टरांच्या देखरेखीत. आधी सोनोग्राफी झालीच पाहिजे कारण गर्भ पिशवीत नसून नळीत असला तर गोळ्यांनी काही होत नाही, नळी फुटते आणि बाई दगावू शकते. आणि नळीतला गर्भ काढणं म्हणजे अबॉर्शनचं पाप असं जर कुणाच्या डोक्यात असेल तर ते काढून टाका, ते मूल कुठल्याच उपायाने वाढू शकत नाही, कॅथलिक चर्च इतकं कडक पण फुटायला आलेली नळी काढण्याला तिथेही मनाई नाही. नंतर घरी असताना तासाला दोन पॅड पूर्ण भिजायला लागले, सलग दोन तास, किंवा ताप चढला तर थांबायचं नाही, लगेच हॉस्पिटल.

तीन, अजून एक रस्ता असतो तो तिला माहीत नसेल. मूल होऊ द्यायचं पण वाढवणं शक्य नाही तर बालकल्याण समितीकडे कायदेशीर सोपवता येतं, आईबापांना फेरविचाराला दोन महिने मिळतात, मग दत्तक. हे सांगताना असं सांगू नकोस की जणू सोपं आहे. नऊ महिने पोटात वाढवून देणं सोपं नाहीये, मी दिलेल्या बघितल्यात.

आणि सविता हलप्पनवार आठवते का कुणाला? आपल्या बेळगावकडची मुलगी, डेंटिस्ट, आयर्लंडमध्ये २०१२ ला. १७ आठवड्यांची होती, गर्भ वाचणार नाही हे माहीत होतं तरी ठोके चालू आहेत म्हणून अबॉर्शन न करता थांबवून ठेवलं, इन्फेक्शन अंगभर पसरून गेली ती. ३१ वर्षांची. मी तेव्हा नाइट ड्युटीला होते, बातमी वाचून आम्ही सगळ्या सिस्टर गप्प झालो. आयर्लंडने २०१८ ला सार्वमत घेऊन अबॉर्शनवरची घटनेतली बंदी काढली, ६६ टक्क्यांवर लोकांनी बदलाच्या बाजूने मत दिलं, तेही शतकानुशतकं कॅथलिक असलेल्या देशात. मी जीव मानते म्हणूनच सांगते, दोन जीव असतात खोलीत. एक मोजायचा आणि दुसरा विसरायचा हे ख्रिस्ती नाही.

पेठेतला_वाचक

मी ख्रिस्ती नाही, त्यामुळे तुमच्या देवाधर्मात बोलत नाही, पण राहवलं नाही म्हणून. ह्या गावात ह्या प्रश्नाला आधी एकदा उत्तर दिलं गेलंय. १८६३ ला जोतिबा आणि सावित्रीबाईंनी आपल्या पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. विधवेला दिवस गेले तर तिच्यापुढे रस्ते काय होते, पोट पाडणं, विहीर, नाहीतर जन्मलेल्याला मारणं. यांनी काय केलं, पाप पाप म्हणून ओरडले नाहीत, तर घर उघडलं, या, गुपचूप बाळंत व्हा, मूल न्यायचं तर न्या नाहीतर इथे ठेवा, नाव कुणी विचारणार नाही. तिथेच आलेल्या काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी १८७४ ला दत्तक घेतला, यशवंत. तो डॉक्टर झाला, १८९७ च्या प्लेगमध्ये त्याने काढलेल्या दवाखान्यात रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई गेल्या.

माझा प्रश्न तुमच्या सगळ्यांना हा आहे की गर्भातला जीव वाचवायचाय ना, मग रूथताईंच्या मैत्रिणीचा फ्लॅटचा हप्ता कोण भरणार? हे टोमणा म्हणून नाही विचारत. फुल्यांनी खोली, अंथरूण, जेवण दिलं होतं.

केडगाव_रोड

वरच्या दादांना जोडून, आमच्या ख्रिस्ती बाजूने पण आहे तसं. पंडिता रमाबाईंनी शारदा सदन १८९० ला मुंबईहून पुण्याला आणलं आणि पुढे केडगावला मुक्ती मिशन हा आश्रम काढला. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो पोरीबाळी घेऊन आल्या, आणि ज्यांना समाज 'बिघडलेल्या' म्हणायचा त्यांच्यासाठी वेगळं कृपासदन काढलं. माझी पणजी तिथे वाढली, पोटुशी आली होती असं घरात दबक्या आवाजात सांगतात, तिची मुलगी म्हणजे माझी आजी. म्हणजे मी आहे कारण कुणीतरी दार उघडलं. जास्त काही लिहिता येत नाही यावर.

निळी_छत्री

चार दिवस झाले हे वाचतीये, लिहू की नको करत होते. दुसरा आयडी काढून लिहितीये.

मी केलंय. २०१० ला, लग्न झालेलं नव्हतं, २३ वर्षांची होते, कॅथलिक घर, सिटी चर्चच्या मागे राहायचो तेव्हा. तो मुलगा दवाखान्याच्या गेटपर्यंत आला आणि गाडी पार्क करून येतो म्हणाला, आला नाही. मी एकटी आत गेले. फॉर्मवर सोबत कोण असा रकाना होता तिथे मी आईचं नाव लिहिलं, आई घरी होती, तिला आजपर्यंत माहीत नाही. संध्याकाळी रिक्षा स्टँडला बसून राहिले, रिक्षात बसायची पण हिंमत होत नव्हती. एका अनोळखी रिक्षावाल्या काकांनी पाण्याची बाटली दिली आणि घरापर्यंत सोडून पैसे घेतले नाहीत, काही विचारलं पण नाही. १४ वर्षं झाली, मला डॉक्टरचा चेहरा आठवत नाही, त्या काकांचा आठवतो.

जुना_सेवक काका, तुम्ही म्हणता शेजारी बसलं की मान्य आहे असं वाटतं. मला नसतं वाटलं. मी जे करत होते ते काय आहे हे मला पूर्ण कळत होतं, त्यासाठी मला कुणाच्या साक्षीची गरज नव्हती. मला फक्त कुणीतरी हवं होतं. आणि खरं सांगू का, गेटपासून आतपर्यंत जे पन्नास पावलं होती त्यात कुणी एकाने जरी दंडाला धरून म्हणलं असतं की थांब, घरी चल, मी बोलते तुझ्या आईशी, तर मी कदाचित परत फिरले असते. कदाचित. पण ते म्हणायला माणूस गेटवर तर असायला हवा ना. घरी बसून प्रार्थना करणाऱ्याला माझा दंड कसा धरता आला असता.

त्यानंतर मी सहा वर्षं कम्युनियन, म्हणजे चर्चमधला पवित्र भाकरीचा प्रसाद, घेतलं नाही. मिस्साला, म्हणजे चर्चच्या उपासनेला, जायचे, सगळे रांगेत उठले की मी बसून राहायचे, आई विचारायची तर पोट बरं नाही सांगायचे. मला कुणीतरी सांगितलं होतं की या पापाची क्षमा साधा फादर देऊ शकत नाही, बिशपकडे जावं लागतं, आणि बिशपसमोर जायचं म्हणजे मला मरणच वाटायचं. मग पोप फ्रान्सिस यांनी चर्चने खास पाळलेल्या दयेच्या वर्षात सगळ्या फादरांना तो अधिकार दिला आणि २०१६ ला ते वर्ष संपताना तो कायमचा केला. मी बातमीत वाचलं. दुसऱ्या शनिवारी गेले कन्फेशनला, म्हणजे फादरकडे पापाची कबुली द्यायला, ओळखीचं चर्च सोडून लांब. फादर म्हातारे होते, मी बोलून झाल्यावर बराच वेळ काही बोलले नाहीत, मला वाटलं आता उठून जातील. मग त्यांनी विचारलं, तेव्हा तुझ्याबरोबर कोण होतं? मी म्हणलं कुणी नाही. ते रडले. ते रडले म्हणून मला रडता आलं, सहा वर्षांत पहिल्यांदा.

मी ते बरोबर होतं असं आजही म्हणत नाही. कुणी म्हणलं की तुझा हक्क होता तर मला बरं नाही वाटत, आणि कुणी खुनी म्हणलं तर त्याला मी काय सांगू, मीच मला ते रोज म्हणत होते. रूथ, बायबलमधल्या लूकच्या पहिल्या अध्यायात येशूची आई मरिया भेटायला आली तेव्हा अलीशिबेच्या पोटातल्या बाळाने उडी मारली ते सगळे सांगतात अबॉर्शनच्या विरोधात. त्याच अध्यायात पुढे आहे की लग्नाआधी दिवस गेलेली मरिया तिच्याकडे तीन महिने राहिली. एका बाईने दार उघडून तिला आत घेतलं आणि आधी आशीर्वाद दिला. मी तो अध्याय आता तेवढ्यासाठी वाचते.

जा तू. आणि गेलीस तर फोनमध्ये डोकं घालून बसू नकोस, तिच्याकडे बघ.

जुना_सेवक

निळी छत्री, पोरी, मी तुझं वाचून दोनदा उठून गॅलरीत जाऊन आलो. माझं मत पाप म्हणजे काय याबद्दल बदललेलं नाही आणि बदलणार नाही. पण 'माणूस गेटवर तर असायला हवा' याला माझ्याकडे उत्तर नाही. रूथ, माझं 'जाऊ नकोस' मी मागे घेतो. जा, आणि आत जायच्या आधी तिला एकदा तरी सांग की दुसरा रस्ता असेल तर मी त्यावरही आहे. नुसतं सोबत बसून गप्प राहिलीस तर ते मला पटणार नाही, ते पण तिला एकटं सोडणंच आहे.

आणि हप्त्याचा प्रश्न ज्यांनी विचारला त्यांना, प्रश्न बरोबर आहे. आमच्या मंडळीत गरिबांसाठी फंड आहे, औषधपाणी आणि शाळेची फी यासाठी देतो. मूल जन्माला यावं म्हणून कुणाला द्यायचा विचार तीस वर्षांत एकाही मीटिंगमध्ये झाला नाही. येत्या कमिटीत मांडतो. ख्रिस्ती नसलेल्या घराला द्यायचं म्हणल्यावर वाद होईल, होऊ दे.

रूथ_घोरपडी

सगळ्यांचं वाचलं, काही काही दोन-तीनदा. निळी छत्री, तुझे आभार कसे मानू कळत नाही.

काल संध्याकाळी तिला घेऊन बंडगार्डनला नदीकाठी जाऊन बसले. सिस्टर म्हणाल्या तो प्रश्न विचारला. ती खूप वेळ काही बोललीच नाही, शेंगदाण्याची पुडी नुसती हातात धरून बसली, मग म्हणाली मला हे कुणी विचारेल असं वाटलं नव्हतं. तिचं उत्तर मी इथे लिहिणार नाही, ते तिचं आहे. पण सरळ हो किंवा सरळ नाही असं नव्हतं एवढं सांगते.

मग मी तिला सांगितलं की मला काय वाटतं. घाबरत घाबरत, पण सांगितलं, की माझ्यासाठी ते बाळ आहे आणि तू काहीही ठरवलंस तरी मला ते बाळच वाटेल, आणि तू काहीही ठरवलंस तरी गुरुवारी मी हाफ डे टाकलाय. होऊ द्यायचं ठरवलं तर पहिलं वर्षभर संध्याकाळी तुझ्या मोठीला मी सांभाळीन, माझ्या नवऱ्याशी बोलले आहे, तो हो म्हणालाय. हप्त्याचं माझ्याच्याने होणार नाही, तेवढे पैसे नाहीत आमच्याकडे, खोटं आश्वासन दिलं नाही.

ती म्हणाली, तुला एवढं का लागतंय? तेव्हा मी तिला माझ्या बाळाचं सांगितलं. सहा वर्षांची मैत्री आणि दोन वर्षांपूर्वीचं ते मी तिलाही सांगितलेलं नव्हतं, व्हायरल झालंय म्हणून सुट्टी टाकली होती. माझ्यावर चिडली ती आधी, एवढं झालं आणि मी शेजारच्या खुर्चीवर बसून तुझ्याशी जीएसटीच्या फायली बोलत होते का म्हणून. मग तिने विचारलं, नाव ठरवलं होतंस का?

दोन वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं. तिने ते एकदा उच्चारून बघितलं.

आज सकाळी तिने दवाखान्यात फोन करून सांगितलं की गुरुवारी फक्त सोनोग्राफी आणि डॉक्टरांशी बोलणं, बाकीचं तिथून पुढे बघू. नवऱ्याला पण सांगितलंय की मी अजून ठरवलेलं नाही, त्यावरून काल रात्री त्यांच्याकडे बरंच झालं म्हणे. साडेदहाची वेळ आहे, मी तिला घरून घ्यायला जातीये.